बुधवारचे गाव : डिचोलीची बाजारपेठ आणि तिचा इतिहास

डिचोलीच्या नावावर एक युद्ध जमा होते, आणि ते युद्ध कधी झालेच नव्हते.

जुलै 2007 मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ या नावाचा एक लेख आला. 1640 ते 1641 या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोलीच्या परिसरात लढाया झाल्या, शेवटी तह झाला, अशी हकीकत त्यात तपशीलवार दिली होती. तळाला संदर्भग्रंथांची भरगच्च यादी होती. दोन-तीन महिन्यांतच त्याला ‘उत्तम लेख’ असा दर्जा मिळाला. पुढे पाच वर्षे कोणाला शंका आली नाही. 2012 च्या अखेरीस एका जाणकाराने त्यातले संदर्भ उघडून पाहायचे ठरवले, तेव्हा त्या पुस्तकांचा कुठेच पत्ता लागेना. लेख बनावट ठरला आणि काढून टाकला गेला.

1640 मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य अजून जन्मायचे होते. डिचोली तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होती. ही तीन वाक्ये गोव्यातल्या कोणत्याही इतिहासाच्या शिक्षकाने सहज सांगितली असती. पण प्रश्न डिचोलीपर्यंत आलाच नाही. गाव लहान, त्याचा खरा इतिहास एकत्र मांडलेला सापडत नाही, म्हणून खोट्याला जागा मिळाली. खोटे रचणाऱ्याने गावाला काय बहाल केले, हेही पाहण्यासारखे आहे. त्याने एक लढाई दिली. लहान गावाची दखल घ्यायची तर तिथे रक्त सांडलेले असले पाहिजे, ही समजूत आपल्याकडेही काही कमी खोल नाही. डिचोलीचा इतिहास शोधायचा तर तो बुधवारच्या बाजारात, नदीच्या धक्क्यावर आणि घाटाकडून उतरणाऱ्या वाटेवर शोधावा लागतो. तिथे तो भरपूर आहे.

डिचोली हे उत्तर गोव्यातले तालुक्याचे ठिकाण. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती सतरा हजारांच्या आसपास. पश्चिमेला बारदेश, वायव्येला पेडणे, पूर्वेला सत्तरी, दक्षिणेला मांडवीपलीकडे तिसवाडी आणि फोंडा, उत्तरेला महाराष्ट्राचे दोडामार्ग. नकाशावर बोट ठेवले की लगेच कळते की हे सीमेवरचे गाव आहे. सीमा बदलत राहिल्या, सत्ता बदलत राहिल्या, पण डिचोली कोणाच्या ना कोणाच्या कडेवर राहिलीच. समुद्र इथे नाही, पण डिचोलीची नदी मांडवीला मिळते आणि भरतीचे पाणी आत येते, त्यामुळे होड्या गावाजवळ लागत. सह्याद्रीही इथे नाही, पण घाटातून येणाऱ्या वाटा खाली उतरून याच पट्ट्यात पसरतात. घाटावरचा माल जिथे पाण्याला भेटतो तिथे पेठ वसते. किनाऱ्याचे मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची आणि धान्य, कडधान्य, गूळ खाली यायचे.

बाजाराचे गाव म्हणजे काय, याचा विचार इंग्लंडमध्ये मध्ययुगात फार बारकाईने झाला होता. तिथे बाजार भरवायचा तर राजाची सनद लागे. तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात एक हिशेब आहे. माणूस दिवसाला वीस मैल चालतो. त्याचे तीन भाग करा. एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला, एक दिवसाउजेडी घरी परतायला. म्हणून जुन्या बाजारापासून साधारण पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार उभा राहिला तर तो जुन्याला उपद्रव समजावा. मैलांचे किलोमीटर केले की हे अंतर पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास येते. हा नियम गोव्यात लावला असता तर डिचोली किंवा साखळी, यांपैकी एका गावाला आपला बाजार गुंडाळावा लागला असता, कारण त्यांच्यातले अंतर दहा किलोमीटरही नाही.

आपल्याकडे हा पेच वारांनी सोडवला. साखळीचा सोमवार, वाळपईचा मंगळवार, डिचोलीचा बुधवार, पेडण्याचा गुरुवार, म्हापशाचा शुक्रवार. व्यापारी तोच, माल बराचसा तोच, फक्त गाव रोज बदलते. कपड्यांचे गाठोडे, बांगड्यांची पेटी, भांड्यांचा ढीग आठवडाभर या वर्तुळात फिरतो. कोणत्या राजाने हे वार वाटून दिले असतील तर असोत, पण ते टिकवले बाजारकरांनी. फार शहाणी व्यवस्था आहे ही. शेजारच्या पेठेला न मारता आपली पेठ चालवण्याची रीत तिने घालून दिली, आणि पाच गावांतल्या माणसांची ओळखदेख एकमेकांत गुंफून ठेवली. बुधवारी डिचोलीत भेटलेल्या बाईला उरलेले पैसे शुक्रवारी म्हापशात देता येतात, इतका विश्वास त्यात गृहीत धरलेला असतो.

हा बाजार जवळून पाहायचा तर गणेश चवथीच्या आदल्या दिवसांत पाहावा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळे, फुले, वेली बांधायची, तिला माटोळी म्हणतात. माटोळीचा बाजार डिचोलीत भरतो तेव्हा सत्तरीतल्या आणि आसपासच्या डोंगराळ वाड्यांवरच्या बाया पहाटेच येऊन रस्त्याच्या कडेला ओळीने बसतात. समोर गोणपाटावर मांडलेले असते ते वर्षातल्या इतर दिवशी कुठल्याच दुकानात मिळत नाही. कांगलांचे केशरी-पिवळे घोस, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, माट्टीची फळे, कवंडळे, आंबाडे, तोरिंग. शेजारी नारळांची पेंड आणि सुपारीचे अख्खे शिपटे. वेलीची दोरी करून प्रत्येक जुडी बांधलेली. दर ठरवताना गिऱ्हाईक हटकून विचारते, कुठल्या रानातले, कधी काढले? आणि बाई सांगते. ती जागा तिच्या पायाखालची असते. पश्चिम घाटाच्या कुशीतल्या वनस्पतींचे एवढे ज्ञान एका दिवशी, एका रस्त्यावर, तोंडी आणि विकाऊ स्वरूपात उपलब्ध होते. शहरातल्या माणसाच्या डोळ्यांना तो नुसता सणाचा गजबजाट दिसतो. ज्याला रान वाचता येते त्याला त्यात सत्तरीच्या डोंगरांची हजेरी लागलेली दिसते. एखादे वर्षी एखादे फळ कमी आले तर कुठला डोंगर उघडा पडला हे त्या ओळीत बसलेल्या बायांना आधी कळते.

या भूमीचे जुने नाव भतग्राम. माणसांची वर्दळ इथे किती जुनी, याच्या खुणा गावाच्या भोवताली विखुरलेल्या आहेत. गावाला लागून असलेल्या लामगावात जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. हरवळ्याची लेणी अधिक प्रसिद्ध, लोक त्यांना पांडवांची म्हणतात. कुडण्यात एका जैन मंदिराचे अवशेष आहेत, गावकरी त्याला गुजीर देऊळ म्हणतात. नार्व्यालाही जैन वास्तूचे अवशेष उभे आहेत. जैन वस्ती आणि व्यापार यांचे नाते पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे जुळते, ते इथेही जुळत असणार.

नार्वे हे डिचोली तालुक्यातले मांडवीच्या काठचे गाव. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव. त्याचे मूळ स्थान पलीकडच्या दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडले, आणि भाविकांनी लिंग नदी ओलांडून भतग्रामात आणले. नदीच्या त्या काठावर फिरंगी राज्य, या काठावर आदिलशाही. देवाला आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. बारदेश आणि तिसवाडीतली कितीतरी कुटुंबे आणि कितीतरी दैवते त्या काळात अशीच नद्या ओलांडत होती. बारदेशातली एक शांतादुर्गा आधी साखळीला आली आणि पुढे पेडण्यातल्या धारगळला स्थिरावली. डिचोलीचा स्वभाव घडवला तो या येणाऱ्यांनी. आलेल्याला जागा द्यायची, त्याच्या देवाला जागा द्यायची, मग त्याच्याशी व्यवहार करायचा.

1668 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज नार्व्याला आले आणि सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या बांधकामाची आज्ञा दिली. शके 1590, कार्तिक वद्य पंचमी ही तिथी देवळाच्या दारावरच्या शिलालेखात कोरलेली आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये गोवा सरकारने त्या मंदिराचे जतनकाम पुरे करून ते पुन्हा भाविकांसाठी खुले केले. ही घटना सगळ्यांना माहीत असते, शाळेच्या सहलीही तिथे जातात. तीनच वर्षांनी लिहिलेले एक पत्र मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि बाजाराच्या गावाने ते खरे तर भिंतीवर लावायला हवे.

डिसेंबर 1671. महाराज कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहितात. विषय मिठाचा. बारदेशातले मीठ स्वस्त पडते, म्हणून घाटावरचे उदमी तेच भरून नेतात, आणि त्यामुळे स्वराज्यातल्या संगमेश्वराकडच्या मिठाला उठाव राहत नाही. तेव्हा बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, इतकी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे. ज्या राजाने नार्व्याला देऊळ उभारले, तोच राजा तीन वर्षांनी मिठाच्या दरात फिरंग्यांशी लढत होता. मिठाच्या गोणीत दोन राज्यांचे भांडण सामावलेले होते. बारदेशातून घाटाकडे जाणारे तांडे ज्या पट्ट्यातून जात, त्याच पट्ट्यात डिचोली आहे. या गावाला 1640 ची खोटी लढाई कशाला हवी? 1671 ची ही खरी लढाई त्याच्या रस्त्यावरून गेलेली आहे, आणि तिच्यात डिचोलीसारख्या पेठांच्या नफा-तोट्याचा थेट संबंध आहे.

संभाजी महाराजांच्या काळात डिचोलीने एक आगळा पाहुणा पाहिला. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून 1681 मध्ये मराठ्यांच्या आश्रयाला आला. 1683 च्या सुमारास त्याचा मुक्काम याच भागात होता. वेंगुर्ल्याहून गलबतात बसून इराणला निघायची त्याची तयारी झाली होती, कवी कलश आणि दुर्गादास राठोड यांनी त्याला मागे फिरवले. 1683 च्याच नोव्हेंबरात संभाजी महाराजांचे सैन्य गोव्यावर चालून गेले, जुवे बेट घेतले, आणि जुन्या गोव्यात घबराट उडाली. पुढच्या तहाच्या बोलण्यांत अकबराने मध्यस्थी केली. डिचोलीच्या टेकडीवर चिऱ्याचा नमाजगाह आहे, तो अकबराच्या मुक्कामाची खूण म्हणून सांगितला जातो. मुघल बादशहाचा बंडखोर मुलगा, मराठा छत्रपतीचा आश्रित, फिरंग्यांशी तहाची बोलणी करणारा मध्यस्थ, आणि त्याच्या नावाशी जोडलेली प्रार्थनेची जागा आजही गावाच्या टेकडीवर उभी. गोव्यातल्या कितीशा गावांकडे असा एक दगड आहे? आणि डिचोलीत वाढलेल्या किती मुलांना तो कोणाचा हे सांगितले जाते?

अठराव्या शतकात डिचोली हातोहात फिरली. सावंतवाडीच्या भोसल्यांकडून 1746 मध्ये व्हाइसरॉय मार्केस द अलोर्नाने हळर्ण, तेरेखोल यांच्याबरोबर डिचोली-साखळीही घेतली. नंतर ती सावंतांकडे गेली, आणि 1781 मध्ये पोर्तुगीजांनी पुन्हा आणि कायमची जिंकली. 1788 मध्ये पेडणेही त्यांच्या हाती आले. हा सगळा मुलूख नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या प्रदेशात, गणला गेला. बारदेश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींपेक्षा त्याचा अनुभव निराळा. तोवर धर्मसमीक्षणाचा (इन्क्विझिशनचा) जोर ओसरला होता, 1812 मध्ये ते कायमचे बंद झाले. नव्या काबिजादींत देवळे पाडली गेली नाहीत, लोकांच्या चालीरीती मान्य करायचे वचन दिले गेले, आणि पुढे 1880 मध्ये हिंदूंच्या रूढींची संहिताही निघाली. म्हणूनच डिचोलीत, पेडण्यात, सत्तरीत तरंगे नाचतात, पालख्या निघतात, शिमग्याचे मेळ दारोदार जातात आणि कार्तिकातला नव्याचा सोमवार शांतादुर्गेच्या नावाने रात्रभर गाण्याने जागतो. पणजीहून येणाऱ्याला हे गोव्यातले दुसरे जग वाटते. ते दुसरे नाही, जुनेच आहे, सुमारे अडीचशे वर्षे उशिरा फिरंगी अमलात गेलेले.

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात हा फरक आकड्यांत उतरला. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे 1,72,191, हवे म्हणणारे 1,38,170. गोवा वेगळा राहिला, पण पेडणे, डिचोली, सत्तरी या उत्तरेच्या पट्ट्यात विलीनीकरणाच्या बाजूचे पारडे जड होते. दोडामार्ग पलीकडे, बाजार अलीकडे, सोयरिका दोन्हीकडे, शाळेची भाषा मराठी आणि घरची कोंकणी. या पट्ट्याने दिलेले ते मत त्याच्या रोजच्या जगण्यातून आले होते, आणि पुढे कौलाचा निकाल मान्य करून तो तितक्याच सहजपणे गोव्याचा राहिला.

आणि मग खाण.

डिचोली तालुक्याच्या पोटात लोहखनिज आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात ते बाहेर काढण्याचा वेग वाढला. 1954 नंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले, आणि उलट दिशेने इथले खनिज जपान, जर्मनीकडे जाऊ लागले. घाटाची वाट बंद झाली, तेव्हा गाव पूर्णपणे पाण्याच्या वाटेवर आले. शिरगाव, मये, मुळगाव, लामगाव इथल्या डोंगरांतून ट्रक निघायचे, पिळगावच्या सारमानसला किंवा आमोण्याला धक्क्यावर खाली व्हायचे, बार्जी मांडवीतून मुरगावला जायच्या. गावागावांत लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. ज्याच्या दारात ट्रक, त्याच्या मुलीला स्थळे चांगली येत. बाजारात पैसा खेळला. बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षांत चीनला हलक्या प्रतीचे खनिजही हवे होते आणि पुढच्या काही वर्षांत गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात माल जाऊ लागला.

त्याची किंमत तालुक्याने मोजली. शेतांत खाणीचा गाळ उतरला, विहिरींचे पाणी खोल गेले, रस्त्याकडेच्या घरांत दारे-खिडक्या बंद ठेवूनही लाल धूळ ताटापर्यंत पोचे. हे सगळे असूनही गाव एका मुखाने बोलू शकले नाही, कारण एकाच घरात एक भाऊ ट्रकमालक आणि दुसरा शेतकरी होता. हा पेच बाहेरच्यांना कळत नाही. खाणीविरुद्ध बोलणाऱ्यांना आणि खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांना दोघांनाही वाटते की आपल्या बाजूला गाव आहे, आणि दोघांचेही अर्धे खरे असते.

सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे काम सुरू झाले, तोच 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि 16 मार्चपासून सगळे ठप्प. धक्क्यावर बार्जी गंजत उभ्या राहिल्या. गॅरेज, टायरची दुकाने, ट्रकवाल्यांना जेवण देणारी खानावळ, सगळ्यांचे शटर खाली आले. त्या काळात डिचोलीची पेठ मोडली नाही, याची नोंद घ्यायला हवी. बुधवार भरतच राहिला. काजूचा हंगाम होता, झांट्यांसारख्या जुन्या घराण्यांचा काजूचा उद्योग होता, भाजी होती, चवथ होती. सत्तर वर्षांच्या खाणीपेक्षा पेठेची मुळे खोल होती. डिसेंबर 2022 मध्ये लिलावात डिचोलीचा पहिला खाणपट्टा वेदांता कंपनीला गेला. क्षेत्र सुमारे 478 हेक्टर, त्यात डिचोली, बोर्डे, लामगाव, मुळगाव, मये, शिरगाव यांच्या जमिनी. 2024 मध्ये तिथे काम पुन्हा सुरू झाले, आणि घरे, देवळे, शेते पट्ट्याच्या हद्दीतून वगळा ही मागणी घेऊन गावकरी उभे राहिले. ती मागणी रास्त आहे. ज्या नकाशात लोकांची राहती घरे खाणपट्टा म्हणून रंगवली जातात, त्या नकाशात चूक आहे.

याच शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. उपवास करून आलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, हातात बेत (वेताची काठी) घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. देवीला मोगऱ्याच्या कळ्या लागतात, त्यामुळे त्या दिवसांत डिचोलीच्या बाजारात मोगऱ्याखेरीज दुसरे फूल शोधावे लागते. लोक सांगतात की लईराई सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण म्हणजे त्यांचीच मिराबाई, जी ख्रिस्ती झाली. डिचोली, पेडणे, बारदेश या तीन मुलखांना जोडणारा हा बहिणींचा गोतावळा कोणा इतिहासकाराने आखलेला नाही. ज्या वाटांनी आठवड्याचा बाजार फिरतो, जवळजवळ त्याच वाटांनी या बहिणींचे भक्तही फिरतात.

आता करायचे काय, हे शेवटी सांगायला हवे. पणजीच्या पुराभिलेख खात्याचा वारसा 1595 पर्यंत मागे जातो. नव्या काबिजादींच्या कारभाराच्या नोंदी तिथे आहेत, त्या पोर्तुगीज भाषेत आहेत, आणि डिचोलीतली जी मुले आज पोर्तुगीज शिकत आहेत त्यांना त्या वाचता येतील. पण पेठेचा खरा दफ्तरखाना अजून जिवंत माणसांच्या तोंडी आहे. बार्जीवर खलाशी म्हणून उमेदवारी केलेले लोक आज वयाच्या सत्तरीपुढे आहेत. कोंडीच्या वर्षांत दोडामार्गाच्या वाटेने चोरून काय येत होते, कोणत्या दुकानात हॉलंडचा बटाटा विकला, पहिला ट्रक कोणत्या वाड्यावर कोणत्या साली आला, माटोळीच्या बाजारात चाळीस वर्षांपूर्वी कोणती फळे यायची जी आता येत नाहीत, बुधवारी कोणाची जागा कुठे आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली, हे प्रश्न घेऊन महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एक वर्ष दर बुधवारी बाजारात बसावे, उत्तरे कोंकणी-मराठीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि त्यांची एक प्रत नगरपालिकेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावी.